उपासाला पाणी चालतं

रक्त अंगाबाहेर काढतात, धुतात आणि परत अंगात घालतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण ज्याचं धुवायचं तो आपला थोरला भाऊ निघाला की माणूस वाचायला लागतो. मी सांगलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. उभी नोकरी लोकांना पुस्तकं काढून देण्यात आणि मधल्या वेळात तीच पुस्तकं आपण वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर मूत्रपिंडाकडे वळावं लागेल, असं काही वाटलं नव्हतं.

दादाच्या खाटेशेजारच्या यंत्राला एक पारदर्शक नळकांडं अडकवलेलं असतं, साधारण जुन्या बॅटरीच्या टॉर्चएवढं. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक, पोकळ नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या आतून रक्त जातं. बाहेरून, उलट्या दिशेनं, हिशेबानं क्षार मिसळलेलं पाणी जातं. मधे नळीची भिंत, म्हणजे पडदा. रक्त आणि पाणी एकमेकांना भेटत नाहीत. तरीही रक्तात जी घाण साठलेली असते ती पडद्याच्या बारीक भोकांतून पलीकडे निघून जाते. तिला कुणी ढकलत नाही. इकडे दाटी आहे आणि तिकडे नाही, एवढं कारण तिला पुरतं. रक्तपेशी मोठ्या असतात, त्या अडतात आणि मागे राहतात.

शाळेत याला विसरण म्हणत. त्याच्याच पुढच्या पानावर परासरण होतं. तेव्हा पडद्यातून पाणीच सरकतं, जिकडे मीठसाखर जास्त तिकडे. आमच्या गुरुजींनी वाटीभर पाण्यात बेदाणे टाकून ते फुगवून दाखवले होते आणि तास संपल्यावर आमच्यासमोर खाल्ले होते. विज्ञानाशी आमचा संबंध तेवढ्यावर संपला.

दादा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. वहिनी वारल्या, मुलगा पुण्याला नोकरीत. दादा गावात एकटा राहायचा आणि पहाटे धावायचा. जे धावत नाहीत त्यांच्याविषयी त्याचं मत वाईट होतं. आजारी माणूस म्हणजे ज्यानं कुठंतरी शिस्त मोडली असा माणूस, ही त्याची वैद्यकीय समज. त्यामुळे स्वतःची मूत्रपिंडं गेली तेव्हा त्याला पहिली वाटली ती लाज. भीती नंतर वाटली. डायलिसिस साताऱ्यातही झालं असतं. पण साताऱ्यात ओळखीचे फार. फौजेच्या कँटीनला येणारे, पेन्शनच्या कामाला येणारे, सगळे याला सलाम ठोकणारे. म्हणून तो माझ्याकडे सांगलीला आला. गावात त्यानं सांगितलं की धाकट्याला करमत नाही, त्याला सोबत म्हणून जातो. मला न करमण्याचं दुखणं असं परस्पर लागलं. मी आणि त्याचा मुलगा सोडून कुणाला कळता कामा नये, असं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार यंत्र. शनिवार-रविवार कधी गावी, कधी इथेच.

मूत्रपिंडं गेली की पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. प्यालेलं सगळं अंगात साठतं. आधी घोट्यांत, मग पोटऱ्यांत, फार झालं तर फुप्फुसात. म्हणून दिवसाला एक लहान बाटली, चहा धरून. ऐकायला सोपं वाटतं. पण मीठ पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेर थांबतं आणि पेशीतलं पाणी ओढून घेतं. पेशी आक्रसतात, मेंदूला ते कळतं आणि माणूस पाणी मागतो. दादाच्या पायात बोट रुतेल इतकं पाणी असे आणि त्याची जीभ टाळूला चिकटलेली असे. जन्मभर तिखट-खारट खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगणं अवघड. समजलं तरी सोसणं त्याहून अवघड.

आणि आपल्याकडे माणूस कुठल्याही दारात गेला की आधी पाणी. हे मला तोवर कधी खटकलं नव्हतं. दादा माजी सैनिकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. सत्कार करणं आणि करवून घेणं हा त्या संघटनेचा मुख्य उद्योग. व्यासपीठावर प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची सीलबंद बाटली आणि अध्यक्षांच्या पुढ्यात थोडी मोठी. दादा दोन-दोन तास त्या बाटलीकडे न बघता बसायचा. एका वक्त्यानं त्यावरून भाषणात दाखला दिला की सुभेदार साहेबांनी अजून बाटलीला हात लावलेला नाही, ही सीमेवरची शिस्त आहे. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. मला हसूही येत होतं आणि त्याच्या ओठांची सालपटंही दिसत होती.

तर गेल्या उन्हाळ्यात हवालदारांनी घर बांधलं.

हवालदार म्हणजे दादाचा दोस्त. दोघं एकाच भरतीत लागले. काही वर्षं जम्मूकडे एकाच ठाण्यावर होते. एका ताटात जेवले, सुट्टीवर रेल्वेच्या एकाच डब्यातून आले. गावात उतरल्यावर मात्र दादा वेशीच्या आत यायचा आणि हवालदार ओढ्यापलीकडच्या वस्तीत जायचे. ओढा काही मोठा नव्हता, उन्हाळ्यात तर कोरडाच. आमचं घर पाटलाचं. हवालदारांची आई आमच्या अंगणात झाडलोट करायला यायची. तिच्यासाठी एक कानतुटका कप वळचणीला खोचलेला असे आणि पाणी वरून ओतत. हे मी पुस्तकात वाचलेलं सांगत नाही. तो कप काढून देण्याचं काम लहानपणी माझ्याकडे होतं.

वस्तीतल्या लग्नाला आमच्या आजोबांना जावं लागे. पाटील आल्याशिवाय अक्षता पडत नसत. आजोबा मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसत, आहेर देत आणि पाणी पुढे आलं की सांगत, आज उपास आहे. बरीच वर्षं मला वाटायचं, आजोबा फार देवभोळे. पुढे लक्षात आलं की त्यांचे उपास वार पाहून नसत, घर पाहून असत. वडिलांनी तीच रीत चालवली. कुणी कुणाचा अपमान केला, असं कुणी म्हणत नसे. उपास हा शब्द सगळ्यांना सोयीचा होता. निदान आमच्या बाजूच्या सगळ्यांना.

दादा असा नव्हता, असं मी शपथेवर सांगीन. पण गावात तो हवालदारांच्या घरी कधी पाणी प्यालाय का, असं कुणी विचारलं असतं तर मला आठवावं लागलं असतं. दोघं एसटी स्टँडवर भेटायचे, संघटनेच्या खोलीत भेटायचे, साताऱ्याला बरोबर जायचे. घरी जाण्याचा प्रसंग आला नाही, असं आम्ही म्हणत असू. तो प्रसंग येऊ नये याची काळजी कोण घेतं, हे विचारत नसू.

आता प्रसंग आला. स्लॅबचं घर, पुढे फरशीचं अंगण, आणि घरभरणीला सुभेदारांनीच फीत कापायची. रविवार होता. शुक्रवारच्या यंत्राला दोन दिवस झालेले, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस, नाहीतर हवालदारांना फोनवर खरं काय ते सांग. तो बुटाची नाडी बांधत होता. पाय सुजल्यामुळे ती पुरत नव्हती.

"फीत कापायची, पाच मिंटं बसायचं, निघायचं," तो म्हणाला. "लढाई न्हाई ती."

गाडी मी चालवली. विट्याच्या पुढे ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर पाणी असल्यासारखं दिसत होतं. दादानं डोळे मिटून घेतले. त्या दिवसाची बाटली त्यानं आटपाडीच्या आधीच संपवली.

वस्तीनं मांडव घातला होता. फेटा, हलगी, फीत. फितीला कात्री बोथट होती, त्यामुळे सुभेदारांना ती कापायला अंमळ झगडावं लागलं आणि फोटोवाल्यानं तोवर बरेच फोटो काढले. मग हवालदारांनी आम्हाला आत नेलं, खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवले. बाहेर येऊन अंगणात खुर्च्यांवर बसवलं. भिंतीला टेकून त्यांची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळे अधू, कान तिखट. सगळी वस्ती उभी. हवालदारांच्या सुनेनं ट्रे आणला. त्यात नवा कोरा स्टीलचा तांब्या आणि दोन पेले. पेल्यांच्या तळाला दुकानातला कागद अजून चिकटलेला होता. त्या घरातलं ते पहिलं पाणी. ते कुणी प्यायचं हे आधी ठरलेलं असणार, कारण बाकी कुणाच्या हातात काही नव्हतं आणि बघत सगळे होते.

मी माझा पेला उचलला आणि संपवला. त्याची नोंद कुणी घेतली नाही. मी धाकटा, सांगलीला गेलेला. माझं पिणं जमेत धरण्यासारखं नव्हतं.

दादानं पेल्याकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. आणि हात जोडून म्हणाला, "आज उपास हाय माझा."

मला वाटतं त्यानं तो शब्द निवडला नाही. नको म्हणायचं म्हटल्यावर आमच्या घराच्या तोंडातून जे बाहेर पडतं तेच बाहेर पडलं. साखर वाढलीय म्हणता आलं असतं, पोट बिघडलंय म्हणता आलं असतं. पण आजारी म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि आजार सोडला तर त्याच्याकडे वडिलांकडून आलेला हा एकच शब्द होता.

हलगीवाला मागे काहीतरी बोलत होता, तो थांबला.

भिंतीकडून म्हातारी म्हणाली, "आवं पाटील, उपासाला पानी चालतंय की."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं असावं की याला माहीत नाही. टोमणा आला तो हवालदारांकडून. ते हसत होते, पण ते हसू फेट्याखाली नीट बसत नव्हतं.

"राहू दे आई. लय उपास बघितलेत आपन ह्येंच्या घरचे. त्येला पानी चालत न्हाई."

कुणीतरी मागे खुसखुसलं. हवालदार माझ्याकडे बघत नव्हते, दादाकडे बघत होते. दोन माणसांनी एका ताटात जेवलेली सगळी वर्षं त्या नजरेत होती आणि ती वर्षं मोजून परत मागितल्यासारखी दिसत होती. मी त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं. वाक्य लहान होतं. पण मी शब्द दिला होता, आणि शब्द पाळण्यात किती सोय असते हे मला त्या खुर्चीत कळलं.

दादानं पेला उचलला. एका दमात प्याला. मग तांब्या उचलला आणि तोंडाला न लावता, वरून धार धरून, सगळा रिकामा केला. शेवटी शेवटी धार गळ्यावरून फेट्याच्या शेमल्यावर आली. रिकामा तांब्या त्यानं ट्रेमध्ये पालथा ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी होत्या कोण जाणे, पण वाजल्या. मग चहा आला, तोही तो प्याला. मग पंगत बसली आणि त्यानं शिरा, भात, खारट आमटी आणि वर परत पाणी घेतलं. हवालदार स्वतः वाढत होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. मला आत कुठंतरी भरून आलं. हे इथे लिहायला मला लाज वाटते, पण मी जेवता जेवता त्या प्रसंगाची वाक्यं जुळवत होतो. तीन पिढ्यांचं पाणी एका तांब्यात फेडलं, असलं काहीतरी. व्यासपीठावरच्या वक्त्याला मी उगाच हसलो होतो.

परतताना पंढरपूर फाटा मागे पडला आणि दादानं काच खाली केली. श्वास नीट लागत नव्हता. आडवं होता येईना, मागे टेकता येईना. तो डॅशबोर्डला धरून पुढे वाकून बसला. मी म्हटलं, आता मी हवालदारांना फोन करून सांगतो.

"न्हाई सांगायचं." मधे थांबून त्यानं श्वास घेतला. "ह्या उपासाचं कारन देशील. बाकीच्यांचं काय देशील?"

आजार हे खरं कारण होतं, पण ते पुढे केलं की आजोबांपासूनचं सगळं त्याच्या आडोशाला जाऊन बसलं असतं. हवालदारांनाच वाटलं असतं की आपण उगाच बोललो. दादाला तेवढी सूट नको होती. मी गाडी हाणली आणि मनात म्हटलं, माणूस मोठा आहे.

सांगलीत पोचलो तेव्हा त्याच्या छातीत पाणी बुडबुडत असल्यासारखा आवाज येत होता. दवाखान्यातल्यांनी नाकाला ऑक्सिजन लावला आणि रविवार असूनही यंत्र सुरू केलं. वजनाच्या काट्याकडे बघून तिथल्या मुलीनं विचारलं, कुठं पिऊन आलात आजोबा? तिला दारू म्हणायचं नव्हतं, पण दादाला तेही लागलं असावं. त्यानं डोळे मिटून घेतले.

पडद्यातून घाण आपोआप जाते, पाणी मात्र तसं जात नाही. ते यंत्राला दाब देऊन ओढावं लागतं. आणि यंत्राच्या हाताला लागतं ते फक्त रक्तातलं पाणी. पायातलं, फुप्फुसातलं पाणी आधी सावकाश पाझरून रक्तात यावं लागतं. घाई केली तर रक्त कोरडं पडतं, रक्तदाब कोसळतो आणि पोटऱ्यांत गोळे येतात. त्या संध्याकाळी घाई करावीच लागली. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस गोळ्यांनी विव्हळत होता आणि मी त्याचे तळवे दाबून धरले होते.

तेवढ्यात हवालदारांचा फोन आला. नीट पोचलात का, एवढं विचारायला. मागे जेवणारांचा गलका होता. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये आलो आणि सगळं सांगितलं. शब्द मोडला. तिकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, दादाचा नेहमीचा वार. हवालदार सकाळच्या एसटीनं आले. कालचाच सदरा, गुलाल तसाच. मला वाटलं, आता हे रडतील. मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत. दादाच्या हातातून बाहेर आलेल्या नळ्या, नळकांडं, फिरणारं चाक, सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं, एखाद्या ठाण्याचा ताबा घ्यावा तसं.

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आदीपासनं," दादा म्हणाला.

"आन् मला कोन सांगनार हुतं? पेपरवाला?"

दादा ओशाळं हसला. म्हणाला, तू बोललास ते बरोबरच होतं गड्या, म्हणून प्यालो.

"मी बोललो ते तुला लागावं म्हनून. मरावं म्हनून न्हवं." हवालदारांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू माझ्या अंगनात मेला असतास तर गाव काय म्हनलं असतं, सांग की. पाटील त्येंच्याकडं पानी प्याला आन् गेला. झालं. पुन्यांदा तुमच्यातलं कोन आलं असतं आमच्या दारात? माझ्या नातवाच्या लग्नातबी हेच सांगत बसले असते."

वाचण्यात जन्म घालवलेल्या मला हे एकदाही सुचलं नव्हतं. मला तांब्या दिसला होता, धार दिसली होती, भावाचं मन दिसलं होतं. ज्याच्या घरात हे चाललं होतं त्याचं काय होईल, हे दिसलं नव्हतं. आजोबांनी पाणी नाकारलं तेव्हाही सगळे आमच्याकडेच बघत होते. दादा प्याला तेव्हाही आमच्याकडेच बघत होते. आमचं प्रायश्चित्तसुद्धा सत्कारासारखंच झालं. मांडव त्यांचा, हलगी त्यांची आणि टाळ्या आम्हाला.

"तुझ्यासाठी प्यालो रं," दादा म्हणाला.

"माझ्यासाठी न्हाई. लोक बघत हुते म्हनून. मला बाजूला घिऊन येक शब्द बोलला असतास तर मीच तांब्या पालथा केला असता." मग ते स्टुलावर बसले. तोंडावरून हात फिरवला. "आई कालपासनं जेवली न्हाई. तिला वाटतंय तिनंच पाजलं तुला. मी सतरा वेळा सांगितलं, ऐकत न्हाई. म्हनती, मी म्हनाले पानी चालतंय, म्हनून पाटील प्याले."

दादाचा चेहरा उतरला. आजार कळला तेव्हाही तो असा उतरला नव्हता.

"लाव फोन," तो म्हणाला.

नळ्यांचा हात हलवायचा नव्हता, म्हणून हवालदारांनी फोन लावून त्याच्या तोंडाजवळ धरला आणि आवाज मोठा केला. घरातल्या कुणीतरी तो म्हातारीच्या हातात दिला. आधी नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या.

"कोन?"

"मी बोलतोय मावशी. पाटलाचा थोरला." या हाकेवर मी चमकलो. आमच्या घरात तिला मावशी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "बरा हाय मी. तुमचं काय न्हाई त्यात. मला पानी वर्ज्य हाय, डाक्टरनं बंद केलंय. काल उपासबिपास काय न्हवता. खोटं बोललो."

ती म्हणाली, "कालचा खोटा. मग आदीचे खरे हुते व्हय?"

हवालदारांनी मान खाली घातली. फोन धरलेला हात मात्र हलू दिला नाही. दादा छताकडे बघत होता. यंत्राचं चाक फिरत होतं. मी वाट बघत होतो की तो काहीतरी मोठं बोलेल. तो भाषणं करणारा माणूस.

"न्हाई," तो म्हणाला. "तेबी खोटंच."

कोंबड्या परत ऐकू आल्या. कुणीतरी भांडं ठेवलं.

"बरं," म्हातारी म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही, रागही धरला नाही. एखादी गोष्ट आपल्याला माहीत होती ती समोरच्यालाही माहीत होती, एवढी खात्री झाल्यासारखं तिचं ते बरं होतं. मग तिनं विचारलं की आता खायला काय चालतं, तेवढं नीट सांगा, पुन्हा आलात की घोळ नको. दादानं सांगायला सुरुवात केली. मीठ कमी. नारळपाणी बिलकूल नाही. बटाटा असला तर उकडून, ते पाणी टाकून. ती एकेक गोष्ट मागे उभ्या असलेल्या सुनेला ओरडून सांगत होती आणि सून हं म्हणत होती. केळं नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटलं, ते आवाजात कळलं.

"आन् पानी?"

दादानं हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी खांदे उडवले, तुझं तू सांग.

"तुमी देऊ नका," दादा म्हणाला. "मला लागंल तवा मी मागंन. घोटभर."

"मागा की मग," ती म्हणाली. तिचं बोलणं संपलं होतं, पण फोन बंद कसा करायचा हे तिला येत नसावं. हवालदारांनीही इकडून बंद केला नाही. अंगणात कुणीतरी तिला आता दोन घास खा म्हणून विनवत होतं आणि ती आधी हात धुवायला पाणी मागत होती. आम्ही तिघं ते ऐकत बसलो.